रिमोट कुणाच्या हातात?

दुपारची भांडी आवरून कुणी शिलाई मशिनवर बसली असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही एका अशा वस्तूबद्दल बोलणार आहोत, जी बहुतेक प्रत्येकीच्या घरात आहे आणि वेळेला कधी सापडत नाही. उशीखाली बघा, गादीच्या फटीत बघा, फ्रिजवर बघा. टीव्हीचा रिमोट! आणि त्याच्याबरोबर बोलणार आहोत टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरच्या पेटीबद्दल.

आता बचत गटाच्या बायांना हा विषय कुठून सुचला म्हणाल, तर ऐका. आमच्या ग्रामसंघाच्या सभागृहात एक टीव्ही आहे. शेळ्यांची निगा, हिशोबाची वही, बँकेचे व्यवहार, अशा प्रशिक्षणाच्या फिल्मा आम्ही त्यावर दाखवतो. टीव्ही जुना, पेन ड्राइव्ह न घेणारा. एका ताईंचा मुलगा आपला लॅपटॉप आणून जोडून द्यायचा. तो नोकरीला बाहेरगावी गेला आणि आमचं घोडं अडलं. दोन प्रशिक्षणं नुसती तोंडाने झाली. समोर काळा टीव्ही आणि आम्ही हातवारे करून शेळीच्या खुराचा आजार समजावतोय!

मग गटातल्या एकीच्या भाच्याने त्याचा जुना कॉम्प्युटर देऊ केला. नेहमीसारखा उभा नव्हे, आडवा. दिसायला जुन्या व्हीसीआरसारखं काळं कॅबिनेट, पुढे ॲल्युमिनियमची पट्टी, आवाजाची एक मोठी गोल कळ, निळसर अक्षरं उमटणारी छोटी खिडकी आणि सोबत रिमोट. वस्तू फुकट होती, पण हार्ड डिस्क बदलायची, रॅम टाकायची, म्हणजे गटांच्या पैशाला हात लागणार. बैठकीत ठरलं की आधी पारखा, मग ठराव घालू. पारखायचं काम आम्हा सहयोगिनींकडे आलं.

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. कॉम्प्युटरच्या पेटीला टिचकी मारायची कुठे? म्हणून आम्ही आधी या वस्तूचा इतिहास वाचून काढला. आणि खरं सांगतो, कुठे टिचकी मारायची ते त्या इतिहासानेच सांगितलं.

लांबून यंत्र चालवायची कल्पना टीव्हीच्याही आधीची आहे. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, तार न लावता, रेडिओ लहरींवर छोटी बोट चालवून दाखवली होती. १९३९ मध्ये अमेरिकेच्या फिल्को कंपनीने रेडिओसाठी बिनतारी रिमोट काढला. त्याला जुन्या टेलिफोनसारखी बोटाने फिरवायची तबकडी होती.

टीव्हीचा रिमोट मात्र आला तो जाहिरातींच्या रागातून. शिकागोच्या झेनिथ कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिराती मुळीच आवडत नसत. बसल्या जागेवरून त्यांचं तोंड बंद करता आलं पाहिजे, ही त्यांची इच्छा. १९५० मध्ये झेनिथने पहिला रिमोट काढला. नाव ठेवलं ‘लेझी बोन्स’, म्हणजे आपल्या भाषेत आळशी! त्याला टीव्हीपर्यंत जाणारी लांब वायर होती आणि घरातली माणसं त्या वायरीत पाय अडकून पडायची.

म्हणून १९५५ मध्ये त्याच कंपनीचे युजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. हा रिमोट म्हणजे पिस्तुलासारखी बॅटरी. टीव्हीच्या काचेच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवले होते. एका कोपऱ्यावर झोत मारला की चॅनेल पुढे, दुसऱ्यावर मारला की मागे, बाकीच्यांवर टीव्ही चालू-बंद आणि आवाज बंद. युक्ती छान होती, पण खिडकीतून ऊन आलं की त्या डोळ्यांना तोच झोत वाटायचा. कुणी हात न लावता टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांनी यावर उपाय काढला. व्हिएन्नात जन्मलेला हा शास्त्रज्ञ झेनिथमध्येच होता. त्याच्या ‘स्पेस कमांड’ रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार छोट्या कांड्या होत्या. बटण दाबलं की इवलीशी हातोडी कांडीवर पडायची आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा बारीक नाद निघायचा. चार कांड्यांचे चार नाद. टीव्ही तो नाद ओळखून काम करायचा. या रिमोटला सेल लागतच नसे, आणि ते मुद्दाम ठरवलेलं होतं. विक्रीवाल्यांचं म्हणणं असं पडलं की सेल संपला तर गिऱ्हाईक समजेल, टीव्हीच बिघडला.

त्यातही त्रुटी होत्या. नाद ओळखायला टीव्हीत सहा जादा व्हॉल्व्ह घालावे लागले आणि किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. साखळी किंवा नाणी खुळखुळली तरी कधी कधी चॅनेल बदलायचा. तरी ही पद्धत पंचवीसएक वर्षं टिकली. १९८० च्या सुमारास अवरक्त किरणांचे, म्हणजे इन्फ्रारेडचे रिमोट आले. तोच प्रकार आज आपल्या हातात आहे. रिमोटच्या टोकाला असलेला बारीक दिवा सेकंदाला छत्तीस ते चाळीस हजार वेळा लुकलुकतो. आपल्या डोळ्याला तो प्रकाश दिसत नाही, टीव्हीला दिसतो.

आता आपल्याकडे या. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्या आयांच्या काळात रिमोटची गरजच नव्हती, कारण चॅनेल एक, फार तर दोन. आणि रिमोट नव्हता असं तरी कसं म्हणायचं? घरातली पोरंच रिमोट होती. एक पोरगं छतावर अँटेना फिरवतंय, दुसरं दारात उभं राहून ‘आलं, आलं, गेलं’ ओरडतंय. आवाज वाढवायचा असला की वडील म्हणणार, ‘ऊठ गं, जरा खटका फिरव.’ १९९१ नंतर केबल पसरली, चॅनेलांची रांग लागली, आणि मग खऱ्या रिमोटशिवाय भागेना.

आणि रिमोट आला तसा प्रश्न आला, तो कुणाच्या हातात?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये काही अभ्यासकांनी नीट बसून विचारला आहे. डेव्हिड मॉर्ली यांनी दक्षिण लंडनमधल्या १८ कुटुंबांशी बोलून १९८६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की रिमोट बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात असतो, किंवा त्याच्या खुर्चीच्या हातावर ठेवलेला असतो. पुढे ॲन ग्रे यांनी उत्तर इंग्लंडमधल्या बायकांशी घरातल्या व्हीसीआरबद्दल बोलून १९९२ मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी एक गंमत केली. बायकांना सांगितलं, घरातल्या प्रत्येक यंत्राला मनातल्या मनात रंग द्या. बाईचं काम ते गुलाबी, पुरुषाचं ते निळं. व्हीसीआर सुरू करणं, टेप मागे घेणं, हे मधल्या जांभळट रंगाचं निघालं. कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हावा म्हणून वेळ लावून ठेवणं निळं. आणि रिमोट सगळ्यांत गडद निळा.

त्याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार लागली. काही बायका ते यंत्र मुद्दामच शिकत नव्हत्या. त्यांचा हिशोब साधा होता. शिकलो तर रेकॉर्ड करून ठेवायचं कामही आपल्याच गळ्यात पडणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता कॉम्प्युटरची पेटी बैठकीच्या खोलीत कशी आली ते सांगतो. १९९३ मध्ये ॲपलने ‘मॅकिंटॉश टीव्ही’ काढला. कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच काळ्या डब्यात, सोबत छोटा रिमोट. पण एका वेळी एकच, कॉम्प्युटर तरी नाहीतर टीव्ही तरी. काही महिन्यांतच तो बंद पडला. १९९६ मध्ये गेटवे कंपनीने ‘डेस्टिनेशन’ आणला, ३१ इंची पडदा आणि बिनतारी कीबोर्ड. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची ‘मीडिया सेंटर’ आवृत्ती काढली. तिच्या रिमोटवर मधोमध एक हिरवं बटण. ते दाबलं की दहा फुटांवर बसलेल्यालाही वाचता येतील अशी मोठी अक्षरं पडद्यावर यायची. त्याच वर्षी ‘मिथटीव्ही’ नावाच्या फुकट प्रणालीचं काम सुरू झालं. थोड्याच काळात ‘एक्सबीएमसी’ आलं. तेच आज ‘कोडी’ नावाने ओळखलं जातं.

मग हौशी लोकांना वाटलं, टीव्हीखाली तो उभा पांढरा डबा बरा दिसत नाही. तैवानच्या सिल्व्हरस्टोन, अमेरिकेच्या अँटेक आणि कोरियाच्या झालमन अशा कंपन्यांनी खास आडवी कॅबिनेट काढली. रुंदी साधारण ४३ सेंटिमीटर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर बरोब्बर बसेल एवढी. त्या काळी ही कॅबिनेट पारखणारे लोक तीन गोष्टी बघायचे. एक, पंख्याचा आवाज. सिनेमात शांत प्रसंग चालू असताना खाली घरघर नको. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो, म्हणून ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२० चा बरा. दोन, उष्णता. पेटी बुटकी म्हणून आत दाटी, आणि दाटीत गरम हवा कोंडते. तीन, आत कोणते भाग बसतात. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचं माप ठरवून दिलं. त्या मापाची पेटी असेल तर आतला मदरबोर्ड जुना झाला की दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो. स्वतःचंच वेगळं माप असलेली पेटी एका बिघाडात भंगारात जाते.

या पेट्यांचा काळ पंधराएक वर्षांचा. २०१३ मध्ये क्रोमकास्ट आलं, २०१४ मध्ये फायर टीव्ही स्टिक, दोन्ही बोटाएवढी आणि स्वस्त. २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढूनच टाकलं. हिरव्या बटणाला कामच उरलं नाही आणि हौसेने घेतलेल्या पेट्या माळ्यावर गेल्या. आमच्याकडे आली ती त्यांतलीच एक.

आता आमची पारख.

पहिली टिचकी आवाजाला. पेटी सुरू केली आणि जिला कमी ऐकू येतं त्या आजींना मुद्दाम पेटीच्या शेजारी बसवलं. मोठे पंखे शांत होते, प्रोसेसरवरचा छोटा पंखा खडखडत होता. उघडून बघितलं तर धुळीचा थर. पेटी बंद करून, वायर काढून, रंगाच्या कोरड्या ब्रशने साफ केलं. आवाज निम्म्यावर आला.

दुसरी टिचकी उष्णतेला. वरच्या झाकणाला हवेची जाळी होती. आपल्याकडे सवय काय, तर कोणतीही सपाट वस्तू दिसली की तिच्यावर भरतकामाचा रुमाल. एका ताईंनी तर आणूनही ठेवला होता. काढायला लावला. ताई रुसल्या, मग तो रुमाल टीव्हीखालच्या टेबलावर घातला.

तिसरी टिचकी मापाला. तालुक्याच्या दुकानदाराकडे पेटी नेली. त्याने एसएमपीएस बघून सांगितलं की हा साध्या मापाचा आहे, गेला तर माझ्याकडे मिळेल. आम्हाला एवढंच ऐकायचं होतं.

चौथी टिचकी रिमोटला, आणि इथे सगळा इतिहास पुन्हा घडला. पहिल्या दिवशी रिमोट चालेना. लगेच सगळ्यांचं एकमत झालं, ‘पेटी गेलेली आहे.’ सेल बदलले, चालू झाला. झेनिथच्या विक्रीवाल्यांना जी भीती होती ती हीच. रिमोट जिवंत आहे का ते बघायची सोपी युक्ती सांगतो. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचं टोक धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमोट चालला आणि दुपारी चारला बंद. सेल तर नवे होते. शेवटी लक्षात आलं की पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट पेटीच्या तोंडावर येतंय. १९५५ च्या टीव्हीला जे ऊन बाधलं तेच आमच्या पेटीला बाधलं. फरक एवढाच की तो उन्हात नको ते करायचा, आमची काहीच करत नव्हती. जुन्या लुगड्याचा पडदा लावला, प्रश्न मिटला.

मग बटणं. मोजली तर चव्वेचाळीस! आम्ही अकरा जणींना एकेक करून खोलीत पाठवलं. आत कुणी नाही, आम्ही दाराबाहेर. एकच काम, एकटीने फिल्म सुरू करायची. चौघींना जमलं. बाकीच्या घाबरून बाहेर आल्या, ‘काहीतरी दाबलं आणि सगळं गेलं.’ आम्हाला लागणारी बटणं सातच होती. चालू-बंद, वर, खाली, ओके, मागे आणि आवाजाची दोन. एकीने पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि तेवढ्या सातांवर ठिपके दिले. ‘लाल सोडून कशाला हात लावायचा नाही’ एवढाच नियम. दुसऱ्या फेरीत नऊ जणींना जमलं. समोरची निळी खिडकी नव्या प्रणालीत चालली नाही, तिच्यावर खर्च केला नाही. गोल कळ मात्र फार उपयोगी निघाली. अंधारात हाताला सापडते आणि कुणालाच शिकवावी लागत नाही.

तीन हजारांच्या आत दुरुस्ती झाली, फुकटची कोडी प्रणाली घातली, ठराव मंजूर झाला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण एका मावशींनी रिमोट हातात घ्यायला साफ नकार दिला. आम्हाला वाटलं घाबरतात. आम्ही समजावायला लागलो. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला येत नाही असं नाही गं. सकाळी सभागृह झाडते मी, चहा करते मी, सतरंजी घालते मी. आता टीव्ही लावणं शिकले की तेही माझ्याच नावावर. मला नका शिकवू.’

सगळ्या गप्प झाल्या. उत्तर इंग्लंडमधल्या त्या बायकांचा हिशोब आमच्या सभागृहात, आमच्याच मावशींच्या तोंडून आला होता. आम्ही वर्षभर ‘बायांनी शिकलं पाहिजे’ म्हणत होतो. झाडू कुणाच्या हातात आहे ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ठरावात एक ओळ वाढली. जशी गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, तसं रिमोट आणि झाडू एकीकडे राहणार नाही. दोन्हींच्या पाळ्या लागतील, वहीत नाव लिहिलं जाईल. आठवडाभर जी टीव्ही लावेल ती झाडणार नाही. पाळी अध्यक्षा आणि सचिवांनाही आहे, आणि आम्हा सहयोगिनींनाही.

गेल्या महिन्यात मावशींची पाळी झाली. लाल ठिपके बघत त्यांनी शेळ्यांची फिल्म लावली आणि पुढच्या खुर्चीत बसून शेवटपर्यंत बघितली. झाडायची पाळी आमची होती. सतरंजी झटकताना आमच्या लक्षात आलं की इतकी वर्षं सभागृह स्वच्छ कसं राहतं, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

तर मैत्रिणींनो, गटासाठी टीव्ही घ्या, कॉम्प्युटर घ्या, गिरणी घ्या, यंत्र कोणतंही असो. दुकानदार सांगेल ते ऐका, पण टिचकी आपली मारा. भाग तालुक्याला मिळतो का? धूळ, ऊन आणि लाइटचा खेळ सोसतं का? गटातली प्रत्येकजण ते एकटीने सुरू करू शकते का? आणि ती ते शिकली, तर तिच्या अंगावरचं दुसरं कोणतं काम कमी होणार आहे? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात नसतो. तो बैठकीत आपणच विचारायचा.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरात रिमोट कुणाच्या हातात आहे ते जरा बघा. आणि भांडी कुणाच्या हातात आहेत तेही. काय दिसलं ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या वेळी तुमची पत्रं वाचून दाखवू.

नमस्कार.